अंदमानवाल्या सिस्टर

आमच्या शेजारच्या सिस्टर माणसाला कधी नावाने हाक मारत नसत. आयुष्यभर वॉर्डात काम केलेलं, त्यामुळे माणूस म्हणजे बेड नंबर ही सवय हाडात मुरलेली. इमारतीत बेड नव्हते, म्हणून त्यांनी खोल्यांचे नंबर धरले. मी ‘तीन नंबर’. माझा नवरा ‘तीन नंबरचा मिस्टर’. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणायची, त्या ‘तीन नंबरची म्हातारी’, आणि तेही तोंडावर. स्वतः सिस्टर दोन नंबरला राहायच्या. मला त्या आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची पद्धत आहे, आणि सिस्टरांना गोड चालत नसे.

गेल्या वर्षी जालन्याला भावाच्या घरी त्या वारल्या. त्याआधी भाईंदर पूर्वेला, नवघरातल्या आमच्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर आम्ही बारा वर्षं एकमेकींच्या शेजारी काढली. त्या बारा वर्षांत आम्ही किती वेळा भांडलो ते मी मोजलेलं नाही. न भांडलेले दिवस मोजणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं.

मूळच्या त्या जालन्याकडच्या. नवरा बंदरावर नोकरीला म्हणून लग्नानंतर थेट अंदमानात गेल्या आणि तिथल्या एका लहानशा बेटावरच्या दवाखान्यात नर्स झाल्या. नवरा तिथेच तापाने गेला. सिस्टर मुंबईला आल्या, नोकरी पुरी केली, नवघरात खोली घेतली. पण बोलण्यातून अंदमान काही गेलं नाही. माझ्या नवऱ्याने त्यांचं नाव ‘काळं पाणी’ ठेवलं होतं. अर्थात त्यांच्या मागे. पुढे ठेवायची छाती इमारतीत कुणाची नव्हती.

अंदमानातून त्यांनी एकच विद्या आणली होती, ती म्हणजे गोम चावल्यावर काय करायचं. ‘तिथली गोम वीतभर लांब असते,’ त्या पंजा ताणून दाखवायच्या. ‘करंगळीएवढी जाड. चावली की धिप्पाड खलाशी आईच्या नावानं रडायचे. तुमची ही काय गोम? तिची नात शोभेल.’ पण ही नातही काही कमी नव्हती. आमच्या इमारतीमागे उघडं गटार, त्याच्या पलीकडे मिठागराची ओल. भरती आणि पाऊस एका दिवशी आले की तळमजल्यावरच्या प्रत्येक मोरीतून एखादी तरी लालसर, चकाकती गोम वर यायचीच. सिस्टरांना त्याचं नवल वाटत नसे. ‘शाळेत शिकली नाहीस का, तीन नंबर? साष्टी हे बेट आहे. इकडं खाडी, तिकडं समुद्र. पाणी चढलं की ती बिचारी जाणार कुठं? तुझ्याच मोरीत येणार ना!’ गोमेला त्या बिचारी म्हणायच्या. आम्हाला कधी म्हणाल्या नाहीत.

लग्न होऊन मी आले त्याच वर्षी, श्रावणात, मोरीत कपडे धुताना माझ्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला गोम डसली. निखारा ठेवल्यासारखं झालं आणि कळ पार मांडीत गेली. सासूबाई कांदा चिरायला धावल्या आणि मी रडायला लागले. तेवढ्यात दार ढकलून सिस्टर आत. मी त्यांना तोवर नीट पाहिलंही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे न बघता आधी पायाकडे बघितलं. ‘बोंबलून कळ उतरत नाही. जोडवं काढ.’

‘अगो बाय, जोडवं कसं काढायचं?’ सासूबाई कांदा तसाच हातात धरून म्हणाल्या. ‘नवरा जिवंत हाय तिचा.’

‘पाय सुजला म्हणजे हॉस्पिटलात करवतीनं कापतील जोडवं. तेव्हा काय सांगशील, म्हातारे? नवऱ्याला सांगून कापलं म्हणून?’ असं म्हणत त्यांनी माझ्या बोटाला साबण चोळला आणि जोडवं उपसून सासूबाईंच्या हातात ठेवलं. मग जखम धुतली, बादलीत गरम पाणी ओतलं, आधी स्वतःचा हात बुडवून बघितला आणि माझा पाय आत घातला. पाऊण तास मी पॅसेजमध्ये स्टुलावर बसून होते. येणारीजाणारी माणसं विचारत होती आणि सिस्टर सगळ्यांना ‘गोम चावली, तमाशा नाही’ असं ओरडून सांगत होत्या, त्यामुळे आणखी माणसं जमत होती. अर्ध्या तासात कळ निम्म्यावर आली. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘उतरली ना? मग थँक्यू म्हण.’ मी म्हटलं नाही. नव्या नवरीला अख्ख्या इमारतीसमोर पाय बादलीत घालून बसवलेलं, आणि वर थँक्यू!

तरी एक कबूल करते. त्यांच्या विद्येत भोंदूपणा नव्हता. ‘पाण्यानं दुखणं कमी होतं. विषाचं काय करायचं ते शरीर बघतं. मी जादू करत नाही,’ हे त्या प्रत्येकाला बजावून सांगायच्या. ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या किंवा श्वास लागला तर माझ्या दारात थांबायचं नाही, सरळ रिक्षा पकडून हॉस्पिटल गाठायचं. लहान मूल असेल तर पाणी आपल्या कोपराने तपासायचं आणि मुलाला डॉक्टरकडे न्यायचंच. चुना लावून आलेल्याला त्या आधी शिव्या द्यायच्या, मग पाणी. मंत्र घालून आलेल्याला दुप्पट शिव्या. मोरवा गावातून एकदा एक बाई आली. तिच्या दंडाला काळा दोरा करकचून बांधलेला. ‘आमच्यात असाच बांधतान, सिस्टर,’ ती म्हणाली. सिस्टरांनी कात्रीने दोरा कापला आणि तिच्याच हातात दिला. ‘घरी ने आणि तुझ्या बकरीला बांध.’

आता मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तिकडे वळायला हवं. मला तिकडे वळायला अजूनही जड जातं.

आमच्या सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांच्या माहेरी गोमेला लक्ष्मी मानायचे. घरात गोम निघाली, त्यातून दिवेलागणीला निघाली, तर तिला मारायचं नाही; हळदकुंकू वाहायचं, हात जोडायचे आणि ती जाईल तिकडे जाऊ द्यायचं. माझ्या माहेरी, पेणकडे, गोम दिसली की चप्पल शोधायचे. पण सून म्हणून आल्यावर मी चप्पल शोधणं सोडलं. एका शुक्रवारी संध्याकाळी ओट्याखालून चांगली बोटभर गोम निघाली आणि देव्हाऱ्याच्या दिशेने चालू लागली. सासूबाईंचा आनंद मावेना. त्यांनी लगबगीने हळदकुंकवाची कुयरी आणली आणि वाकून चिमटीने गोमेवर हळदकुंकू वाहिलं. आमची ओवी तेव्हा तीन वर्षांची. तिलाही त्यांनी नमस्कार करायला लावलं. नेमक्या त्याच वेळी सिस्टर आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या भिंतीत झिरपतं म्हणून भांडायला दारात आल्या. त्यांनी ते बघितलं, पायातली स्लीपर काढली आणि दोन ढांगांत आत येऊन लक्ष्मीला फरशीवर चिरडलं.

सासूबाई हुंदके देऊन रडायला लागल्या. ‘माझ्या घरातली लक्ष्मी मारलीन हो मेलीनं!’ सिस्टर ओरडल्या, ‘लेकरू खेळतं तिथं हिला पूजायलीस? अक्कल आहे का म्हातारे?’ खरं सांगू? मनातून मला सुटल्यासारखं झालं होतं. ती गोम ओवीच्या पायापासून हातभर होती. पण सासूबाई रडत होत्या, देव्हाऱ्यासमोर ती घाण पडली होती, आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा ‘मला सगळं कळतं’ असा भाव होता. मी त्या भावावर तुटून पडले. ‘आमच्या देवघरात चप्पल घेऊन येता? पण तुम्हाला काय बोलायचं! तुमच्यात कुठे असते लक्ष्मी? तुम्हाला काय कळणार!’

सिस्टरांच्या घरात बुद्धाची मूर्ती होती. बुद्धपौर्णिमेला त्या सगळ्या इमारतीत खीर वाटायच्या. सासूबाई ती वाटी हसून घ्यायच्या आणि सिस्टर वळल्या की ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत ती खीर कुठे जायची, हे मी कधी विचारलं नाही आणि स्वतः कधी चमचा लावला नाही. म्हणजे ‘तुमच्यात’ हा शब्द मला त्या दिवशी रागाच्या भरात अचानक सुचला असं नाही. तो घरात होताच. मी फक्त तो मोठ्याने म्हटला.

सिस्टर आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या नाहीत. ‘आमच्यात गोम चावली की हात पाण्यात घालतात,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्यात काय घालतात ते घाला. मी आता या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. कुणी मेलं तरी नाही.’ आणि अनवाणीच निघून गेल्या. स्लीपर त्यांनी आमच्या फरशीवरच टाकली होती. सासूबाईंनी ती केरसुणीने बाहेर सरकवली.

मग अबोला. नळाला पाणी येण्याच्या वेळेला दोघी समोरासमोर आलो तरी दोघी बादलीत बघायचो. त्यांनी सोसायटीकडे आमच्याविरुद्ध अर्ज केला की मागच्या बाजूला तीन नंबरने करवंट्या, विटा आणि फुटक्या कुंड्या रचून गोमेला फुकट खोली दिली आहे. आम्ही उलट अर्ज केला की दोन नंबरची भाषा सुसंस्कृत नाही. दोन्ही अर्ज सेक्रेटरीने एकाच फायलीत लावले.

त्यानंतर अडीच महिन्यांनी ओवीला गोम चावली. दुपारची वेळ. मीरा रोडच्या ज्या कापडाच्या दुकानात मी काम करायचे, तिथे त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून मी घरीच होते. वॉशिंग मशीनमागे पडलेली बाहुली काढायला ओवीने हात घातला आणि अशी किंचाळली की माझ्या हातातलं ताट पडलं. उजव्या हाताच्या अनामिकेवर दोन लाल ठिपके. बघता बघता बोट सुजायला लागलं. सासूबाईंनी फळीवरच्या डब्यातून दोरा काढून बोटाच्या मुळाशी घट्ट आवळला, विष वर चढू नये म्हणून. चार फेरे आणि वर गाठ. मग पानाच्या तबकातला चुना घेतला आणि बोटावर थापला.

मला माहीत होतं काय करायचं ते. हे मला आजही कुणापुढे बोलवत नाही. मी स्वतः पाऊण तास त्या बादलीत पाय घालून बसले होते. गॅस समोर होता, पातेलं समोर होतं, दोरा बांधायचा नाही हे मी सिस्टरांच्या तोंडून पन्नास वेळा ऐकलं होतं. पण पाणी तापवायचं म्हणजे सासूबाईंसमोर सिस्टर खऱ्या ठरणार. आणि सिस्टरांना बोलवायचं म्हणजे त्या ‘तुमच्यात’वर नाक घासायचं. मी ओवीला मांडीवर घेऊन बसले. ‘उतरेल हां बाळा, आत्ता उतरेल,’ असं म्हणत राहिले. सासूबाई देवाला साखर ठेवून आल्या. ओवी रडून रडून घोगरी झाली. मी नवऱ्याला फोन लावला, तो उचलत नव्हता. पुन्हा लावला. दर पाच मिनिटांनी मी स्वतःला सांगत होते की आणखी पाच मिनिटं बघू.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. उंबऱ्यावर पाय न ठेवण्याची शपथ घेतलेल्या सिस्टर थेट आत आल्या आणि त्यांनी माझ्या मांडीवरून पोर ओढून घेतलं. ‘दोरा कुणी बांधला? कात्री दे. कात्री दे म्हणते ना, बघत काय बसलीस!’ सुजेत दोरा दिसेनासा झाला होता. तो शोधून कापताना त्यांचे हात स्थिर होते, पण त्या मला ज्या शिव्या देत होत्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. नळाखाली धरून त्यांनी चुना धुतला. खालची कातडी पांढरी पडली होती आणि बोटाचं टोक निळं. त्यांनी पदराने ओवीला गुंडाळलं आणि पायात काही न घालता रस्त्यावर धावल्या. मी मागे. ‘बच्ची को कनखजूरे ने काटा है, चलाओ!’ त्या रिक्षावाल्यावर ओरडल्या. तो बिचारा ‘किधर, मॅडम?’ एवढंच विचारू शकला.

हॉस्पिटलात चार दिवस काढले. बोट राहतं की जातं, हे तिसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर सांगत नव्हते. टोक काळं पडलं, मग त्याची साल गेली. बोट राहिलं, पण अर्धं नख परत आलं नाही आणि त्या बोटाला थंडीत अजून मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले की विषाने दुखलं असतं, सुजलं असतं; बोटाची ही दशा दोऱ्याने आणि चुन्याने केली. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. पुढच्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी सिस्टरांची खीर त्यांच्यासमोर उभ्यानेच खाल्ली आणि वाटी धुऊन परत दिली. गोमेला लक्ष्मी म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, पण हळदकुंकू बंद झालं. गोम दिसली की केरभरणीत घ्यायच्या आणि मागच्या गटारापलीकडे सोडताना हात जोडून म्हणायच्या, ‘जा गो बाय, आता दुसऱ्याकडे जा.’

सिस्टरांचा आणि माझा अबोला तुटला, पण तो ज्या प्रकारे तुटला त्यापेक्षा अबोला बरा होता. त्यांनी मला ती ‘चाळीस मिनिटं’ ऐकवायला सुरुवात केली. ‘चाळीस मिनिटं पोर तडफडत होतं, तीन नंबर. चाळीस.’ भाजीवाल्यासमोर, जिन्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. गच्चीच्या गळतीवर चर्चा चालली असताना त्या उठून म्हणाल्या, ‘हिच्या मताला काय किंमत द्यायची? हिनं चाळीस मिनिटं दोरा सोडला नव्हता.’ सात वर्षं मी हे ऐकलं. ओवीला त्या दुसरीकडे बघत चॉकलेट द्यायच्या आणि मला ती मिनिटं. मी त्यांचा आणखीच राग राग करायचे. कधी कधी आंघोळ करताना मी एकटीच त्यांच्याशी भांडायचे आणि तिथेही हरायचे.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांना खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आम्ही मीरा रोडला भाड्याने जागा बघितली. सिस्टरांना भाऊ जालन्याला बोलवत होता. जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. घरात बोचकी, दोऱ्या, रद्दी. त्या एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी रचत होत्या. मी काय बोलायचं ते रात्रीपासून घोकून ठेवलं होतं आणि नेमकं तेव्हा त्यातलं अर्धंच आठवलं.

‘सिस्टर, त्या शुक्रवारी मी जे बोलले ना... तुमच्यात म्हणाले, ते. ते मी बोलायला नको होतं. मला माफ करा.’

‘नकोच होतं,’ त्या म्हणाल्या. मला मोकळं करावं, असं काही त्यांच्या मनात दिसत नव्हतं. त्यांनी आणखी दोन लुगडी ठेवली. मग वर न बघता विचारलं, ‘तुला कधी प्रश्न पडला नाही का? चाळीस मिनिटं हे मला कसं माहीत?’

मला खरंच कधी पडला नव्हता. सात वर्षांत एकदाही नाही.

‘पोरीची पहिली किंकाळी आली तेव्हा मी घड्याळात बघितलं. वॉर्डातली सवय. तीन वाजून दहा. काय चावलंय तेही कळलं, असल्या किंकाळ्या मी अंदमानात रोज ऐकायची. उठले, दारापर्यंत गेले. मग तुझा शब्द आठवला. परत येऊन इथं पलंगावर बसले. म्हटलं, येऊ दे तिला माझ्या दारात. ती आल्याबिगर मी उठायची नाही. भिंतीतून सगळं ऐकू यायलं होतं. पोरीचा आवाज बसत चालला तेही ऐकलं.’ त्यांनी हातातलं लुगडं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी घालायला लागल्या. ‘नर्स आहे मी. तीस वर्षं नर्स होते. चाळीस मिनिटं बसले.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सात वर्षं या बाईने मला गावभर सोलून काढलं होतं, आणि निम्मी चूक इथे पलंगावर बसून होती! ओवीचं ते अर्धं नख माझ्या डोळ्यांसमोर आलं. जे तोंडात येईल ते बोलायला मी तोंड उघडलं. सिस्टर वाट बघत उभ्या होत्या, खांदे पाडून. त्यांना तसं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. पण खरं होतं.

‘तुम्ही चाळीस मिनिटांनी तरी आलात, सिस्टर. तुमच्या घरातून किंकाळी आली असती तर मी आलेच नसते.’

त्यांनी हातातलं लुगडं ट्रंकेत ठेवलं.

‘माहीत आहे मला,’ त्या म्हणाल्या. ‘आता या ट्रंकेवर बस. झाकण लागेना झालंय.’

मी बसले.